एक कॉम्प्युटर, तीन लॉगिनं आणि पेढीचा एकच मेल: थंडरबर्ड सामाईक कसं करायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, बेदाणा, गूळ अशा कुठल्याही पेढीवर जा. कॉम्प्युटर एक असतो आणि त्यावर बसणारी माणसं तीन. सकाळी दिवाणजी टॅली उघडतात, सौदे उरकल्यावर मालकांचा मुलगा किंवा सून बसते, संध्याकाळी मालक स्वतः येतात. विंडोजवर प्रत्येकाचं यूजर अकाउंट वेगळं केलेलं असतं आणि ते योग्यच आहे. मालकांच्या बँकेचे कागद दिवाणजींना दिसायचं कारण नाही आणि मुलाच्या फायलींमध्ये मालकांनी हरवायचं कारण नाही.

अडचण येते ती मेलची. मेल पेढीचा असतो, पण तो उतरतो एकाच माणसाच्या लॉगिनमध्ये. तमिळनाडूच्या खरेदीदाराने हळदीचा दर विचारलेला असतो, ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टी पाठवलेली असते, सीएने जीएसटीची आकडेवारी मागितलेली असते. हे सगळं दिवाणजींच्या अकाउंटमध्ये पडलेलं असतं आणि दिवाणजी गावाच्या यात्रेला गेलेले असतात. मग त्यांना फोन करून विंडोजचा पासवर्ड विचारायचा, आणि एकदा का तो पासवर्ड सगळ्यांना कळला की वेगळी अकाउंटं करण्यालाच अर्थ उरत नाही.

यावरचा उपाय म्हणजे अकाउंटं वेगळीच ठेवायची, पण मेलचा साठा सगळ्यांना पोचेल अशा जागी हलवायचा. हा लेख मोझिलाच्या थंडरबर्ड या मेल पाहायच्या प्रोग्रॅमबद्दल आहे. ते फुकट आहे, जुन्या मशिनवरही चालतं, आणि विंडोजमधलं मेल अॅप मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केल्यावर त्याची जागाही घेऊ शकतं. थंडरबर्डच्या मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात. खाली ती वाचली जातात तशी दिली आहेत.

आधी ठरवा: तुम्हाला हे खरंच हवं आहे का?

मेल पाहायच्या दोन पद्धती आहेत. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतो आणि प्रत्येक कॉम्प्युटर किंवा मोबाइल त्याचं प्रतिबिंब दाखवतो. पॉप पद्धतीत मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्या डिस्कवर ठेवला जातो.

तुमचा मेल आयमॅपवर असेल, जुना साठा फार नसेल आणि दोघांना वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून एकाच वेळी मेल पाहायचा असेल, तर पुढची खटपट करूच नका. प्रत्येकाच्या अकाउंटमध्ये थंडरबर्ड उघडा, तोच मेल पत्ता आयमॅपने जोडा, काम झालं. एकाने वाचलेला मेल दुसऱ्यालाही वाचलेला दिसेल आणि एकाने दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या ‘सेंट’मध्ये येईल.

पण बऱ्याच पेढ्यांचं गणित इतकं सोपं नसतं. स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता असतो, तिथे जागा थोडी मिळते, म्हणून मेल वर्षानुवर्षं पॉपने उतरवलेला असतो. जीमेलचे फुकटचे १५ जीबी भरले म्हणून जुने मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ओढून ठेवलेले असतात. खरेदीदारांची नावं आणि पत्ते थंडरबर्डच्या अॅड्रेस बुकात असतात. या तिन्ही गोष्टी फक्त त्या डिस्कवर, त्या एका अकाउंटमध्ये असतात. आयमॅपने जोडलेल्या दुसऱ्या माणसाला त्या दिसत नाहीत. अशा ठिकाणी संपूर्ण प्रोफाइल सामाईक करणं हाच खरा इलाज आहे.

प्रोफाइल म्हणजे काय?

थंडरबर्ड हा प्रोग्रॅम सहसा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये एकदाच बसवलेला असतो आणि सगळ्या यूजरना आधीपासून उपलब्ध असतो. वेगळं असतं ते प्रत्येकाचं प्रोफाइल. सी ड्राइव्हवर यूजर्स, त्यात त्या माणसाचं नाव, त्यात लपवलेला अॅपडेटा, त्यात रोमिंग, मग थंडरबर्ड आणि प्रोफाइल्स, अशा वाटेने ते फोल्डर सापडतं. त्याचं नाव विचित्र दिसतं: आधी आठ अक्षर-अंक, मग टिंब आणि ‘डिफॉल्ट’ किंवा ‘डिफॉल्ट-रिलीज’.

मेल, अॅड्रेस बुक, फिल्टर, सह्या (मेलच्या शेवटी आपोआप लागणारं नाव-पत्ता), कॅलेंडर आणि साठवलेले पासवर्ड, सगळं याच फोल्डरात असतं. ही पेढीची खतावणीच समजा: वही एकच, लिहिणारे बदलतात, पण एका वेळी एकानेच लिहायचं. ही शेवटची अट म्हणजे नुसता सल्ला नाही. थंडरबर्ड स्वतःच ती पाळायला लावतं, त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

नवी जागा आणि परवानग्या

घाई न करता करायचा भाग हाच. निम्म्या तक्रारी इथल्या एका चुकलेल्या खुणेतून उगवतात.

कॉम्प्युटरला डी ड्राइव्ह असेल तर तिथे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ‘दुकानमेल’ असं फोल्डर करा. डी नसेल तर सी ड्राइव्हच्या मुळाशी केलं तरी चालेल. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये मात्र करू नका. हल्ली विंडोज ते फोल्डर परस्पर वनड्राइव्हला जोडून ठेवतं, आणि चालू मेलच्या फायली वर-खाली सिंक होत राहिल्या तर त्या बिघडू शकतात.

फोल्डर तयार करणं आणि परवानग्या देणं हे अॅडमिनिस्ट्रेटर अकाउंटवरून करा. फोल्डरवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’. डी ड्राइव्हवरच्या नव्या फोल्डरात बहुधा ‘ऑथेन्टिकेटेड यूजर्स’ अशी ओळ आधीच असते, म्हणजे कॉम्प्युटरवर अकाउंट असलेल्या प्रत्येकाला तिथे लिहिता येतं. घरच्यासारखा मामला असेल तर तसंच राहू द्या. पण उन्हाळ्याच्या हंगामात बिलिंगसाठी आलेल्या मुलालाही याच मशिनवर अकाउंट दिलेलं असेल, तर पेढीचा सगळा पत्रव्यवहार त्याच्यापुढे उघडा पडतो. तेव्हा ‘अॅडव्हान्स्ड’ दाबा, ‘डिसेबल इनहेरिटन्स’ निवडा आणि विचारल्यावर परवानग्या बदलून ठेवण्याचा म्हणजे ‘कन्व्हर्ट’चा पर्याय घ्या. मग ‘ऑथेन्टिकेटेड यूजर्स’ आणि ‘यूजर्स’ या ओळी काढून टाका. ‘सिस्टम’ आणि ‘अॅडमिनिस्ट्रेटर्स’ या ओळींना हात लावू नका.

आता ‘अॅड’ दाबून ज्या तिघांना मेल पाहायचा आहे त्यांची अकाउंटं एकेक करून घाला. नाव टाइप करून ‘चेक नेम्स’ केलं की विंडोज ते ओळखतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करणाऱ्याचं नाव सापडलं नाही तर तिथल्याच ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘फाइंड नाऊ’ दाबा आणि यादीतून निवडा. प्रत्येकाला ‘मॉडिफाय’ द्या. नुसतं ‘रीड’ देऊन भागणार नाही, कारण मेल वाचतानाही थंडरबर्ड फायलींमध्ये नोंदी करत असतं. मालकांचं अकाउंट अॅडमिनिस्ट्रेटर असलं तरी त्यांचं नाव वेगळं घाला. रोजच्या वापरात विंडोज त्यांचे ते वाढीव अधिकार बाजूला ठेवतं आणि मग मालकांनाच आपल्या पेढीचा मेल उघडता येत नाही.

परवानग्या आधी आणि फायली नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. नंतर कॉपी केलेली किंवा तिथेच तयार झालेली प्रत्येक फाइल फोल्डरच्या परवानग्या आपोआप घेते.

प्रोफाइल नव्या जागी नेणं

आता ज्याच्याकडे मेल आहे त्या माणसाच्या, आपल्या उदाहरणात दिवाणजींच्या, लॉगिनने आत या. थंडरबर्ड उघडा. तीन आडव्या रेषांच्या बटणातून ‘हेल्प’ आणि ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’कडे जा. तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’समोर ‘ओपन फोल्डर’ असं बटण आहे. ते दाबलं की योग्य फोल्डर थेट समोर येतं, लपवलेला अॅपडेटा शोधत बसावं लागत नाही.

फोल्डर उघडं ठेवा आणि थंडरबर्ड पूर्ण बंद करा. आतलं सगळं निवडा, कॉपी करा आणि ‘दुकानमेल’मध्ये पेस्ट करा. कट करून नेऊ नका. त्याला दोन कारणं आहेत. कॉपी केलेली फाइल नव्या जागेच्या परवानग्या घेते, पण एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्याच परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते आणि मग इतरांना काही फायली उघडतात, काही नाही. दुसरं म्हणजे मध्येच वीज गेली तर जुना साठा जागच्या जागी शाबूत राहतो. साठा मोठा असेल तर कॉपीला वेळ लागेल. यूपीएस नसेल तर वीज जायची शक्यता असलेल्या वेळी हे काम काढू नका.

कॉपी झाल्यावर जुन्या आणि नव्या दोन्ही फोल्डरांच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून फायलींची संख्या ताडून पाहा. ती जुळली तरच पुढे जा.

थंडरबर्डला नवी जागा दाखवणं

विंडोजची खूण असलेली कळ आणि आर एकत्र दाबा. ‘रन’ची खिडकी येईल. त्यात इंग्रजीत थंडरबर्डचं पूर्ण नाव, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून कॅपिटल पी लिहा आणि एंटर दाबा. थंडरबर्डऐवजी प्रोफाइल मॅनेजर उघडेल.

‘क्रिएट प्रोफाइल’ दाबा आणि नाव द्या, ‘पेढी’ किंवा जे सुचेल ते. लगेच ‘फिनिश’ दाबू नका. खाली ‘चूज फोल्डर’ आहे, तिथून ‘दुकानमेल’ निवडा. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची: जे फोल्डर निवडाल ते उघडल्यावर ‘प्रेफ्स’ नावाची फाइल लगेच, पहिल्याच पातळीवर दिसली पाहिजे. ती आणखी एका फोल्डराच्या आत असेल तर थंडरबर्डला काहीच सापडत नाही आणि ते नव्याने अकाउंट जोडायला सांगतं. तसा पडदा आला तर घाबरू नका, काही भरू नका, बंद करा आणि योग्य फोल्डर निवडा.

‘फिनिश’ केल्यावर यादीत ‘पेढी’ निवडा, न विचारता हेच प्रोफाइल वापरण्याच्या चौकटीत खूण करा आणि थंडरबर्ड सुरू करा. सगळे मेल, पत्ते, पासवर्ड जसेच्या तसे दिसायला हवेत. स्वतःलाच एक मेल पाठवून बघा.

मग ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये जाऊन प्रत्येक मेल पत्त्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये तळाशी ‘लोकल डिरेक्टरी’ काय लिहिली आहे ते वाचा. ‘लोकल फोल्डर्स’चंही वाचा. तिथे ‘दुकानमेल’चा रस्ता दिसला पाहिजे. जुना, दिवाणजींच्या नावाचा रस्ता दिसला, तर मेल अजून तिथेच उतरतो आहे आणि बाकीच्यांना तो उघडणार नाही. ‘ब्राउज’ दाबून नव्या फोल्डरातली त्याच नावाची जागा दाखवा आणि थंडरबर्ड पुन्हा सुरू करा.

सगळं ठीक असेल तर अॅपडेटातल्या जुन्या प्रोफाइल फोल्डराचं नाव बदला, पुढे ‘जुना’ जोडलं तरी पुरे. नाव तसंच ठेवलं आणि चुकून कुणी जुनं प्रोफाइल उघडलं, तर पॉपचे नवे मेल तिकडे उतरतील आणि नव्या जागी कधीच येणार नाहीत. प्रोफाइल मॅनेजरमधून काही काढायची वेळ आली तर ‘डिलीट प्रोफाइल’नंतर येणारा प्रश्न नीट वाचा. ‘डिलीट फाइल्स’ म्हटलं की डिस्कवरचा साठाही जातो, आणि सामाईक प्रोफाइलच्या बाबतीत तो सगळ्यांचा साठा असतो. ‘डोन्ट डिलीट फाइल्स’ हाच पर्याय घ्या.

आता दिवाणजींचं लॉगिन ‘साइन आउट’ करा. मालकांच्या आणि मुलाच्या लॉगिनमध्ये जाऊन हीच कृती करा: रन, प्रोफाइल मॅनेजर, नवं प्रोफाइल, ‘चूज फोल्डर’, ‘दुकानमेल’. कॉपी पुन्हा करायची नाही. कॉम्प्युटरवर थंडरबर्ड मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एकाने आणि वेबसाइटवरून दुसऱ्याने असं दोनदा बसवलेलं असेल तर एक काढून टाका. दोन्हींच्या आवृत्त्या मागे-पुढे झाल्या की जुनी आवृत्ती नव्याने वापरलेलं प्रोफाइल उघडायला नकार देते.

एका वेळी एकच

प्रोफाइल उघडलं की थंडरबर्ड त्यात ‘पॅरेंट डॉट लॉक’ नावाची फाइल धरून ठेवतं. तेवढ्यात दुसऱ्याने तेच प्रोफाइल उघडलं तर थंडरबर्ड आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. तो बिघाड नाही. दोघांनी एकाच वेळी फायलींमध्ये लिहिलं तर साठा खराब होईल, म्हणून घातलेला तो अडसर आहे.

पेढीवर हा संदेश येतो त्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘स्विच यूजर’. दिवाणजी जेवायला उठले, मुलाने लॉगिन बदललं, पण दिवाणजींचे सगळे प्रोग्रॅम मागे चालूच आहेत. म्हणून उठताना थंडरबर्ड बंद करायचं, शक्य तर ‘साइन आउट’ करायचं, एवढी शिस्त तिघांनी ठरवून घ्या. थंडरबर्ड छोटं केल्यावर घड्याळाशेजारी जाऊन बसण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. खिडकी दिसत नाही म्हणून माणसाला ते बंद केल्यासारखं वाटतं.

तरीही अडलंच, तर अॅडमिनिस्ट्रेटर ‘टास्क मॅनेजर’च्या ‘यूजर्स’ टॅबमधून दुसऱ्याला साइन आउट करू शकतो. पण आधी विचारा. मागे टॅलीत अर्धवट पट्टी उघडी असेल तर तीही जाईल.

पहिल्या आठवड्यात येणाऱ्या कुरबुरी

सगळ्यात आधी अटॅचमेंट सेव्ह होत नाही. डाउनलोडची जागा प्रोफाइलमध्ये लिहिलेली असते आणि ती दिवाणजींच्या ‘डाउनलोड्स’कडे बोट दाखवत असते. मालकांना तिथे लिहिण्याची परवानगी नाही, म्हणून बिल्टी उतरत नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘जनरल’खाली ‘फाइल्स अँड अॅटॅचमेंट्स’ आहे, तिथे दर वेळी जागा विचारण्याचा पर्याय घ्या. किंवा डी ड्राइव्हवर ‘आलेलेकागद’ असं आणखी एक सामाईक फोल्डर करून तेच कायमचं ठरवा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण कागद एका जागी राहतात आणि सीएने मागितल्यावर कुणीही काढून देऊ शकतं.

सहीची गडबडही अशीच. सही एखाद्या फायलीतून जोडलेली असेल आणि ती फाइल एकाच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असेल, तर इतरांच्या मेलला सही लागत नाही. फाइल ‘दुकानमेल’शेजारी आणा किंवा मजकूर थेट सेटिंग्जमध्ये लिहा. इथेच एक छान सोय आहे. ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘मॅनेज आयडेंटिटीज’ आहे. पत्ता एकच ठेवून मालक, मुलगा आणि दिवाणजी अशा तीन ओळखी करा, प्रत्येकीला वेगळी सही द्या. मेल लिहिताना ‘फ्रॉम’मधून आपली ओळख निवडली की समोरच्याला कुणाशी बोलतोय ते कळतं.

कुणी कशाला उत्तर दिलं हेही कळायला हवं. त्यासाठी टॅग वापरा. थंडरबर्डमध्ये १ ते ५ या आकड्यांच्या कळा दाबल्या की मेलला रंगीत टॅग लागतो. टॅगांची नावं बदलता येतात: ‘दर सांगितला’, ‘माल पाठवला’, ‘मालकांनी बघायचं’. हळदीचे सौदे जोरात असताना एकाच खरेदीदाराला दोघांनी दोन वेगळे दर कळवणं यामुळे टळतं.

पासवर्ड आणि खासगीपणा

सामाईक प्रोफाइलमध्ये पासवर्डही सामाईक असतात. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ उघडले की ते सरळ वाचता येतात. तिथेच ‘प्रायमरी पासवर्ड’, म्हणजे या साठवलेल्या पासवर्डांना लावायचं एक कुलूप, ठेवायची सोय आहे आणि ती वापराच. ज्यांना तो माहीत आहे त्यांच्यापासून तो अर्थातच काही लपवत नाही. पण फोल्डराची नक्कल किंवा बॅकअपची डिस्क कुणाच्या हाती लागली तर साठवलेले पासवर्ड वाचले जात नाहीत. मेलचा मजकूर मात्र तेव्हाही उघडाच असतो.

जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड थंडरबर्डमध्ये घालून चालत नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी तो मार्ग बंद करायला सुरुवात केली. ‘ओऑथ२’ निवडा, म्हणजे पासवर्ड थंडरबर्डला न देता गूगलकडूनच परवानगी घ्यायची पद्धत, आणि गूगलच्या पानावर एकदा लॉगिन करा. ती परवानगी प्रोफाइलमध्येच साठते, त्यामुळे तिघांनी तीनदा करायची गरज नाही.

बँकेचे ओटीपी, घरच्या दवाखान्याचे रिपोर्ट, मालकांचा वैयक्तिक पत्रव्यवहार यातलं काहीही या पत्त्यावर येऊ देऊ नका. बँकेत वेगळा पत्ता नोंदवा आणि तो फक्त मालकांच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये किंवा मोबाइलवर ठेवा. पेढीचा मेल सगळ्यांचा करायचा असेल तर त्यात फक्त पेढीचंच असलं पाहिजे. या एका बाबतीत मी कुणालाही सवलत द्यायला सांगणार नाही.

बॅकअप

सगळं एका फोल्डरात आल्याचा मोठा फायदा म्हणजे बॅकअपही एकाच फोल्डराचा. आठवड्यातून एकदा, थंडरबर्ड बंद असताना, ‘दुकानमेल’ पूर्ण उचलून बाहेरच्या डिस्कवर टाका. दोन डिस्क असू द्या आणि त्या आलटून पालटून वापरा.

नवा पेनड्राइव्ह बरेचदा फॅट३२ पद्धतीचा असतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. थंडरबर्ड सहसा अख्खा इनबॉक्स एकाच फायलीत ठेवतं, त्यामुळे जुन्या पेढीचा इनबॉक्स ही मर्यादा सहज ओलांडतो. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. थंडरबर्डमधल्या मेल फोल्डरवर राइट-क्लिक करून अधूनमधून ‘कॉम्पॅक्ट’ही करा. पुसलेले मेल तोवर फायलीत जागा अडवून बसतात.

दोनपैकी एक डिस्क पेढीवर ठेवू नका. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. टेबलाखालचा कॉम्प्युटर आणि ड्रॉवरमधली बॅकअप डिस्क एकाच पाण्यात जाते. दुसरी डिस्क उंचावरच्या घरी किंवा गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे असू द्या आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बदला.

आउटलुक असेल तर

जुन्या, डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये पॉपचा मेल पीएसटी नावाच्या एका फायलीत असतो. ती फाइल वरच्यासारख्याच सामाईक फोल्डरात ठेवून प्रत्येकाच्या लॉगिनमधून उघडता येते, अट तीच, एका वेळी एक. ती नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवून उघडू नका, मायक्रोसॉफ्टच त्याला नकार देतं. ओएसटी फाइल, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची आउटलुकने ठेवलेली नक्कल, मात्र अशी वाटून घेता येत नाही. नव्या आउटलुकची रचना वेगळी आहे, तिथे प्रत्येकाने आपापल्या लॉगिनमध्ये तोच मेल पत्ता जोडणं हाच मार्ग.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा

दिवाणजी निवृत्त झाले किंवा मुलगा पुण्याला गेला, तर मेल जागेवरच राहतो. इतकंच करायचं: मेलचा पासवर्ड सर्व्हरवर बदला. गूगलचं खातं असेल तर थंडरबर्डला दिलेली जुनी परवानगी तिथून काढून टाका. ‘दुकानमेल’च्या ‘सिक्युरिटी’मधून त्या माणसाची ओळ काढा. प्रायमरी पासवर्ड बदला आणि उरलेल्यांना तोंडी सांगा. मग त्यांचं विंडोज अकाउंट काढायला हरकत नाही, पण त्याआधी त्यांच्या ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डाउनलोड्स’मध्ये पेढीचे काही कागद उरलेत का ते त्यांच्याच सोबत बसून पाहून घ्या. विंडोज अकाउंटसोबत त्यातल्या फायली काढून टाकण्याचा पर्याय देतं, आणि त्या पुन्हा मिळवणं कठीण असतं.